तिसरी बांधणी

दस्तगीरभाई पुस्तकं वाचत नसत.
कण्यावर उभं धरायचे, दोन्ही हात सोडायचे,
आणि ते जिथं उघडेल तिथं बोट ठेवून म्हणायचे,
"बाई, इथं तुमचं येणंजाणं दिसतंय."

शुक्रवार पेठेतलं दुकान, सायकलवाल्याला पाठ लावून.
खळीचा वास, त्यात मोरचूद.
पुठ्ठ्यांच्या आत अस्तराला ते जुन्या लग्नपत्रिका लावत,
म्हणजे माझ्या पुस्तकाच्या पोटात
कुणा अनोळखी जोडप्याचा गोरज मुहूर्त आहे.

घरात चारशेवर पुस्तकं. बरीचशी एकदाच वाचलेली.
त्यांचं काही वाईट झालेलं नाही,
पेन्शन घेतल्यासारखी भिंतीला टेकून असतात.
हे एकच दर पंधरा वर्षांनी खिळखिळं होतं.

पान सत्तेचाळीस.
कवितेतली बाई दोन माणसांचं पाणी तापत ठेवते
आणि घरात ती एकटीच असते.
ती ओळ मी इथं लिहीत नाही.
एकटी उचलली की शहाणी दिसायला लागते,
फ्रेम करून लावावी तशी,
आणि ती तशी नाही.

एकोणिसाव्या वर्षी, कर्वे रस्त्यावरच्या वसतिगृहात,
शेजारच्या समासात मी पेन्सिलीनं लिहिलं होतं:
हे खरं नाही
गणिताची विद्यार्थिनी. पुरावा नसेल ते खोडायचं.
माणूस काहीही विसरेल,
पण बादल्या तर मोजता येतात!

पहिल्या बांधणीत कटिंगच्या यंत्राचं चाक फिरलं.
कडा सरळ होताना समास दोन सूत गेला.
घरी येऊन पाहिलं तर शेवटचं अक्षर नव्हतं.
हे खरं ना
असं आता पान मला विचारत होतं,
प्रश्नचिन्हाशिवाय, जरा लाडात.
मी उत्तर दिलं नाही.
नुकती शाळेत लागले होते, सहामाहीचे गठ्ठे पडले होते.

मग विद्याधर गेला. जानेवारीत.
पंधराएक दिवसांनी, पाहुणे पांगल्यावर, सकाळी सहाला
मी गीझरच्या नळाखाली दुसरी बादली लावली
आणि ती भरून वाहायला लागली तरी
तिथंच उभी.
त्या वर्षी पुस्तक इतक्यांदा उघडलं
की मधल्या जुजाचा दोरा तुटला.

दुसरी बांधणी. आणखी दोन सूत.
हे खरं
मी काही खोडलं नव्हतं, नवं काही लिहिलं नव्हतं.
पायऱ्या न दाखवता उत्तर.
कुणा मुलीनं असं सोडवलं असतं
तर मी अर्धे मार्क कापले असते.

आता दुकानात यासीन बसतो, दस्तगीरभाईंचा नातू.
अर्ध्या जागेत मोबाइलची कव्हरं.
यंत्र विजेवर चालतं.
"मावशी, कडा मारू का? वाकड्या दिसतायत."
मी हिशेब करते. अजून दोन सूत, मग उरेल
हे
कशाबद्दल, कुणाबद्दल, काही नाही.
ऐंशीव्या वर्षी कदाचित तेवढंच पुरेल.
आत्ता एकसष्ट चालू आहे.
"राहू दे वाकड्या," मी म्हणते,
आणि तो असा बघतो की पैसे कमी करावेत की काय.

घरी आणून टेबलावर कण्यावर उभं धरलं. हात सोडले.
नवी शिलाई, कडक. सत्तेचाळीस त्याला आठवेना.
उघडलं तेराव्या पानावर:
एक मुलगा पतंगासाठी खळ शिजवतोय,
आई ओरडतेय, पीठ वाया घालवलंस म्हणून,
आणि ओरडता ओरडता ढवळायला बसते.
बेचाळीस वर्षं पुस्तक माझ्याकडे आहे
आणि हिच्या वाटेला मी गेलेच नव्हते.

पेन्सिल शोधते.
समासात जागा फार नाही आता.
दोन शब्द मावतील,
बारीक काढले तर तीन.