शिट्टी नसलेला कुकर

कुवेतहून हे कायमचे आले
तेव्हा दोन बॅगा, गुडघेदुखी
आणि खोक्यात हा विजेवरचा कुकर.
खोक्यावर मार्करने पत्ता, मु. पो. बाणकोट,
आणि त्याखाली माझं नाव, अरबीत.
मला वाचता येतं, कुराणापुरतं.

त्याच्या प्लगचे पाय जाड, आमच्या भोकांत बसेनात.
मंडणगडहून अडॅप्टर येईपर्यंत
आठ दिवस तो पाहुण्यासारखा ओट्यावर.

काल रात्री काबुली चणे ह्यांनीच भिजत घातले.
वर चिमूटभर सोडा.
"इथलं पाणी जड आहे," म्हणाले.
एकोणीस वर्षं ह्याच पाण्यात मी डाळ शिजवली,
हे मी बोलले नाही.

सकाळी चणे टपोरे, गालफुगे.
झाकण फिरलं, खट्ट.
पडद्यावर हिरवा आकडा, पस्तीस,
आणि मग काहीच नाही.
"शिट्टी कधी होते?"
"ह्याला शिट्टी नसते."
"मग कळतं कसं?"
"कळतं."

मला मोजायची सवय.
डाळीला तीन, वाटाण्याला पाच,
मटणाला सात आणि वर मंद आच.
सुरुवातीच्या वर्षांत फोनचंही तसंच.
दोन रिंगा वाजून बंद, म्हणजे पोचलो, बरा आहे.
तीन, म्हणजे पैसे टाकले.
चार आमच्यात ठरलीच नव्हती,
तरी एकदा चार वाजल्या
आणि मी रात्रभर ह्याच ओट्याला टेकून उभी.
नंतर कळलं, फोन कापायच्या आत
ह्यांना डुलकी लागली होती.

बावीसवर लाईट गेली.
पडदा काळा.
मी झाकणाला हात घातला तर म्हणाले,
"नको. आत दाब आहे अजून."
आणि समोर स्टूल घेऊन बसून राहिले,
दवाखान्याबाहेर बसतात तसे.

खाडीवरून फेरीबोटीचा भोंगा आला.
मी मनातल्या मनात म्हटलं, एक.

रुकय्या मागच्या दारातून डोकावली.
"काय रांधताय गनीभाय?"
"हमूस."
"हापूस? ह्या दिवसांत?"
हे इतके हसले की गुडघा धरून बसले.
असं हसतात हे मला ठाऊक नव्हतं.

लाईट आली. उरलेले आकडे संपले.
चणा दोन बोटांत दाबला तर लोणी.
पाण्यात चोळून ह्यांनी सालं वर आणली,
कोलंबीच्या टरफलासारखी, आरपार दिसणारी,
आणि एकेक वेचली.
घाई नाही, कुणावर ओरडणं नाही.
तीळ मिक्सरात चिकटून बसतात
म्हणून पाट्यावर, माझ्याकडून.
लसूण. मागीलदारचं लिंबू.
फिरवताना बर्फाचे दोन खडे,
ते का, हे मी विचारलं नाही, बघून घेतलं.

ताटलीत पसरून चमच्याच्या पाठीने
मधोमध खळगा केला.
मग बॅगेच्या तळातून, बनियनमध्ये गुंडाळलेली बाटली.
तिच्यावर तीच अक्षरं.
मी लावून वाचली, जैतून.
"एकोणीस वर्षं," म्हणाले, बाटलीकडेच बघत,
"तुझ्या नावाचं तेल ओतत होतो
दुसऱ्याच्या ताटात."

मी तांदळाची भाकरी मोडली. चाखलं.
गुळगुळीत. आंबट. मागून तिळाचा कडवटपणा.
"मीठ?"
त्यांनीही बोट लावून बघितलं.
"मालकाच्या आईला मीठ बंद होतं," म्हणाले.
मग जरा थांबून,
"हात तिथलाच राहिला बहुतेक."

मिठाची बरणी माझ्या बाजूला होती.
मी चिमूट टाकली. ढवळलं.
मग आणखी एक.
दोन.

"पुरे?" त्यांनी विचारलं.
भोंगा पुन्हा वाजत होता,
बोट पलीकडे निघाली होती.
मी भाकरीचा दुसरा अर्धा त्यांच्यापुढे सरकवला.