अस्तर लावू का

तीस वर्षं मीच विचारत आले,
टेप गळ्यात, खडू कानामागे:
अस्तर लावू का? पायपिंग? लटकन?
आणि बायका दाराकडे बघत म्हणायच्या,
लावा नं ताई, तुम्हाला बरं वाटते ते.
आज रामदासपेठेत, तिसऱ्या मजल्यावर,
एसीत बसून मी दाराकडे बघते आहे.

समोर मोनाली, बावीस-तेवीसची,
गालाला कधी पिनही टोचली नसेल.
दरपत्रक माझ्याकडे फिरवते.
मायक्रोनीडलिंग, नुसत्या सुया, इतके.
वर ग्रोथ फॅक्टरचं सीरम, इतके.
एक्सोसोम, त्याच्या दुप्पट.
सॅमन माशाचा डीएनए, मॅडम, हे सध्या खूप चालतंय.
बुधवार बाजारातला रोहू मी डोळ्यांवरून ओळखते,
हा कुठल्या पाण्यातला, विचारत नाही.
फॉर्मवर छापलंय: प्रसंग कोणता?
लग्न. साखरपुडा. इतर.
मी इतरवर खूण करते, जरा जोरात.
कागदाला भोक पडतं.

सुईची मला भीती नाही.
नखातून आरपार गेलेली आहे, दोनदा,
ऐन दिवाळीच्या गर्दीत,
आणि गिऱ्हाइकाच्या रेशमावर थेंब पडू नये म्हणून
बोट तोंडात धरून मी बाही पुरी केली आहे.
पण कापडाला पडलेलं भोक कापड भरत नाही.
शिवण उसवली की टाक्यांची रांग राहते,
पाणी शिंपडा, इस्त्री फिरवा,
राहते.
कातडी मात्र भरून येते म्हणे.
टोचलं की तिला जाग येते,
ती घर आवरायला घेते.
मग सोळाव्या वर्षापासून
माझी झोपलीच होती की काय?

सोळाव्या वर्षी, पाचपावलीच्या शाळेत,
मला संत्री म्हणायचे.
या गावात संत्री म्हणणं म्हणजे लाडच,
असं बाईंना वाटायचं.
साल जवळून कोणी बघितलीय का?
मी बघितलीय. सोलता सोलता,
प्रत्येक खड्डा.

डॉक्टर खापेकर येतात,
टॉर्च गालाशी आडवा धरतात.
मीही ताग्यातली गाठ अशीच शोधते.
मग विचारते,
जे मला गिऱ्हाइकांनी कधीच विचारलं नाही:
हे कापड तुमचं असतं तर?
त्या हसत नाहीत. स्टूल पुढे ओढतात.
एक्सोसोमचा अभ्यास अजून कच्चा आहे, म्हणतात.
माशाचं बरं ऐकते, पण शब्द देणार नाही.
तुमचंच रक्त काढू, फिरवू,
वर येईल ते पिवळं पाणी लावू.
तीही जादू नाही. चार वेळा यावं लागेल.
खड्डे उथळ होतील,
जाणार नाहीत.
मोनाली दरपत्रकाचा कोपरा नखाने खरवडते.

आमच्या बाबांचा माग तांडापेठेत.
रफूला कोणी लुगडं आणलं की म्हणे,
बाजारातून जुळता धागा आणू का?
बाबा पदर उलटा करत,
दशा बोटांनी विंचरत,
त्यातलाच एक ओढून घेत.
बाहेरचा दुकानात जुळतो, म्हणत,
उन्हात फितूर होतो.

खरं सांगायचं तर पैशांचाही हिशेब केला.
दुपटीत दोन महिन्यांचा पिकोचा धागा येतो.

माझं रक्त यंत्रात फिरतं,
बॉबिन भरताना होतो तसा आवाज.
नळीत वर उरतं फिकट पिवळं.
एवढंच? मी म्हणते.
एवढंच, डॉक्टर म्हणतात,
आणि पाच दिवस ऊन लागू द्यायचं नाही.
मे महिना. नागपूर.
काहून बाप्पा, ऊन ठेवू कुठे?
हसू येतं, पण गाल सुन्न आहेत,
हसू कुठपर्यंत गेलं ते कळत नाही.

सहाव्या दिवशी शटर वर केलं.
पहिलीच बाई, हातात खादीचं जाडं कापड.
माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, विचारलं नाही.
मी कापड दारातल्या उजेडात आडवं धरलं.
अस्तर नको याला, म्हटलं,
विनाकारण पैसे जातील.
तिने स्टूल ओढलं,
आणि बसली.