अंतरपाटाच्या कडेला

रामबागेतल्या कार्यालयात मंगलाष्टकं सुरू झाली
की दोन्हीकडचे चेहरे दिसतील अशी जागा एकच उरते:
मामाच्या कोपराखाली, डावा गुडघा टेकून.
ती माझी. सव्वीस वर्षं.

जितू मागे लाइट धरून उभा,
माझ्या खिशात चार बॅटऱ्या, पिल्लांसारख्या ऊबदार.
कुणाची तरी आत्या खांद्यावर बोट टोचते,
इकडचेही दोन घ्या, आम्ही बऱ्हाणपुराहून आलोय.
घेतो.
नवरदेवाचा मित्र कानाशी येतो,
भिया, अपने को थोडा गोरा कर देना.
करतो.
अक्षता लेन्सच्या हुडात साठतात.
घरी बॅग झटकली की बायको म्हणते,
जपून ठेवले असतेस तर एव्हाना मुगाची खिचडी झाली असती.

पंगतीत मी शेवटी.
पुरीचं चामडं झालेलं, जिलबी मात्र इंदूरची,
गारही चालते.

रात्री एकला रिसेप्शन आटोपतं
आणि झोपायचं सोडून मी हातोदकडे गाडी वळवतो.
यशवंत सागरावर कुणाला हसा म्हणावं लागत नाही.
बाभळी हनुवटी वर करत नाहीत.
पाण्यावर या काठापासून त्या काठापर्यंत
धुकं धरलेलं असतं,
धरणारे मामा दिसत नाहीत.
मुहूर्त कुणी काढलेला नसतो.
कधी सातलाच सरतं,
कधी साडेनऊ वाजले तरी हलत नाही
आणि मी थर्मास संपवून
रिकाम्या कार्डानिशी परततो.

या फोटोंना गिऱ्हाईक नाही.
एक दुकानात टांगलाय.
त्याच्याखाली बसून लोक
पासपोर्ट साइजची वाट बघतात.

ऋजुता आली ती एका सोमवारी, भर दुपारी.
मला तारीख आठवली नाही,
पिवळी अष्टपुत्री आठवली,
आणि वडिलांकडचे सहा हजार बाकी.

म्हणाली, अल्बम नकोय, तो आईने माळ्यावर टाकला.
म्हणाली, अंतरपाट होता तेव्हा तुम्ही कडेला होतात.
पलीकडे
त्याचा चेहरा कसा होता?

हार्डडिस्क सापडायला वीस मिनिटं गेली.
खुर्ची दिली, ती उभीच.
अल्बमात न घातलेले चारशे अकरा.
त्यात एक:
मुंडावळ्यांमागे गच्च मिटलेले डोळे,
सुईच्या आधी पोर मिटतं तसे,
ओठ आत ओढलेले.
मीच बाद केला होता.
डोळे मिटलेला फोटो द्यायचा नाही,
धंद्यातलं पहिलं शिक्षण.
त्याच फ्रेममध्ये डावीकडे तीही होती,
नुसता पिवळा धूसर डाग.
इतक्या जवळून
एका वेळी एकच चेहरा नीट धरता येतो.

बराच वेळ बघत राहिली.
म्हणजे तोही,
एवढंच म्हणाली, पुढचं गिळलं.
बाहेर कुणीतरी स्कूटरला किका मारत होतं,
ती सुरू होईना.

प्रिंट काढू?
नको.
पर्समधून सहा हजार काढले, मोजून ठेवले.
मी नको म्हटलं, पण फार जोरात नाही.

मग तिची मान वर गेली, भिंतीकडे.
ह्यात कुणी नाही ना?
नाही, म्हणालो.
मग हा द्या.

खिळ्यावरून उतरवला, मागचं जाळं पुसलं,
वर्तमानपत्रात बांधला.
रिक्षात ती फ्रेम मांडीवर उभी धरून बसली,
दोन्ही हातांनी,
शाळेतून मातीचा किल्ला घरी नेतात तशी.

खरं तर आहे.
उजव्या कोपऱ्यात, धुकं विरत जातं तिथे,
अक्षतेच्या दाण्याएवढा एकजण होडीत,
पाठमोरा.
जाळं टाकतोय की ओढून घेतोय,
ते इतक्या वर्षांत
मलाही कळलेलं नाही.