रेघेपुढचं अक्षर

पुंता अरेनासमध्ये रात्रीचे अडीच.
खिडकीला वारा खांदा लावून उभा,
आणि मी इथून
सामुद्रधुनीच्या पार टोकाला, दीपगृहामागच्या खोलीतल्या
एका यंत्राशी बोलते आहे.
वारा, भरती, हवेचा दाब एवढंच ते लिहून ठेवतं.
बोटी त्यावर विसंबतात.

बोलणं म्हणजे काय,
तर आधी क्रियापद,
मग एक आडवी रेघ, तांदळाच्या कणीएवढी,
आणि तिला चिकटलेलं एक अक्षर.
व्ही लावला की ते सगळं सांगतं, पाल्हाळ लावून.
क्यू लावला की गप्प.
एन म्हणजे नुसतं करून दाखव, करू नकोस.
लग्नाआधी हा एन मला कुणी दिला नव्हता.
एफ म्हणजे विचारूच नकोस.
एफला मी सहसा हात लावत नाही.

आज फक्त आर हवा होता:
झोप, आणि लगेच ऊठ.
बोट एचवर पडलं.
झोप.

धरायचं होतं, मारून बसले.

मी हाक मारली. ओ नाही.
सेकंदाला एक हाक, मोजून चारशे बारा,
मग मोजणं सोडलं.
तिथला फोनही त्याच यंत्रातून जातो,
आणि रेडिओ सहाला लागतो.
चहा गार झाला. दुसरा केला, तोही गार.

सहाला मी माफीची वाक्यं जुळवून बसले होते,
तर एलेउतेरिओ बार्रियाच आधी बोलला:
“मारित्सा, आज कणीक फुगली नाही.”

अकरा वर्षं
एदेलमिरा पावाची परात त्या यंत्रावर ठेवते.
रात्रभर ऊब मिळते.
मला हे कुणी सांगितलं नव्हतं,
मीही कधी विचारलं नव्हतं.
“ती म्हणते पेटी गार आहे. मेली का?”

नाही, मी म्हटलं. मीच निजवली, चुकून.
उजवीकडे, खाली, नखाएवढं बटण.
“हे? याच्यावर तर चिकटपट्टी आहे,
नातू सुट्टीत येतो म्हणून. तूच लावायला लावलीस.”

पट्टी सोलल्याचा आवाज रेडिओवर आला.
मग बराच वेळ फक्त खरखर.
मग माझ्या पडद्यावर, सहाशे चाळीस मिलिसेकंद उशिरा,
ओ.

अहवालात कारणापुढे मी ‘वीज’ लिहिलं,
खोडलं,
‘आर ऐवजी एच’ लिहिलं.
यंत्राला व्ही लावून विचारलं, काय काय झालं ते सांग.
दोनशे ओळी सांगितल्या त्याने,
पंख्यापासून घड्याळापर्यंत.
कणकेचा उल्लेख नव्हता.

त्या साडेतीन तासांचा वारा
कुठेच लिहिलेला नाही.
एदेलमिरा म्हणते,
पुष्कळ होता.