तिऱ्ह्याच्या पुलाखाली

फाल्गुनात सीना इतकी बारीक होते
की पुलाच्या सावलीत मावते.
उरतात ती डबकी. त्यांच्या काठाला चिखलात
हे एक उगवतं, पानं गवतासारखी,
मधोमध फूल, पिळलेलं,
ओला पंचा पिळून उभाच ठेवावा तसं.
आतून जांभळं. चार दिवसांच्या मुक्या माराचं जांभळं.

मी रुमाल नाकाला लावला.
गुंडेटीमामा मात्र वाकले,
पार फुलाच्या तोंडाशी तोंड नेईपर्यंत.
"वास येत नाही का हो?"
"नाक कवाच गेलं, मॅडम.
अठरा वर्षं डाय-हाऊसला होतो.
चादरीचा रंग विचारा, अंधारात सांगतो.
वास तेवढा विचारू नका."

मोगऱ्याकडे जायला मधमाश्या आहेत.
हे बोलावतं चिलटांना,
ज्यांना कुणी कधी बोलावलं नाही.
त्यांच्याच घराचा वास
हुबेहूब काढून ठेवतं दारात.
ती येतात, घसरतात.
तळाला एक खोली, भिंती तेलकट, वर झडप.
रात्रभर कोंडून. खायला काही नाही.
दुसऱ्या दिवशी अंगावर पराग झडतो,
भिंतींची पकड बसू लागते, वाट सुटते,
आणि बाहेर पडलेली चिलटं
शेजारच्या फुलात पुन्हा फसतात.

मामांना हे सांगितलं.
"म्हंजे रातपाळी," ते म्हणाले.
"पगार?"
"नाही."
फुलाकडे बघून म्हणाले,
"काय बे, तू पण शेठच का?"

कॉलेजच्या बाटलीसाठी एकच फूल घ्यायचं होतं.
त्यांनी ब्लेडनं ते उभं चिरलं,
ताण्यातला तुटका धागा शोधावा तसं, हळू.
आत सात चिलटं, जिवंत.
सहा लगेच उडाली.
सातवं मामांच्या अंगठ्यावर चढलं,
नखाच्या कडेला
अजून न निघालेला निळा आहे, तिथं थांबलं.

"ह्याला येतोय वाटतं माझ्या हाताचा वास."
मग बराच वेळ काही बोलले नाहीत.
पुलावरून मंगळवेढ्याची एसटी गेली,
डबक्यातलं पाणी हललं.
"मॅडम, ह्या फुलाचा कसला येतो?"

मी रुमाल पर्समध्ये टाकला. वाकले.
डोळ्यांत पाणी आलं, तरी वाकलेलीच राहिले.
"शेणाचा," म्हटलं. "मेलेल्या माशाचा.
आणि खाली, अगदी खाली,
जराशी काकडी."

"काकडी," मामा म्हणाले.
"काकडी आठवती."