झुकतं माप

रविवार पेठेत दोन रस्ते एकमेकांना खेटतात
तिथे ही इमारत आहे, आणि तिला कोपराच नाही.
म्हणजे होता. सिटी सर्व्हेच्या नकाशात
अजूनही आहे, सुईसारखा टोकदार.
बांधणाऱ्याने तो कापला,
सुतार फळीचा कान उडवतो तसा तिरका,
आणि त्या कापावर दरवाजा बसवला,
दरवाज्यावर सज्जा,
सज्ज्यावर घड्याळासाठी गोल कोनाडा.
घड्याळ कधी आलंच नाही.
पारव्यांनी थोडी वाट पाहिली, मग अंडी घातली.

सकाळी सातपासून मी टेपचं एक टोक धरून आहे,
दुसरं टोक वैजनाथकडे.
तो आकडे ओरडतो, मी लिहितो.
खाली घडीव काळा दगड,
कमरेएवढ्या उंचीवर हातगाड्यांनी घासून साबणासारखा केलेला.
वर वीट, चुना, आणि चुन्यातून डोकावणारा एक पिंपळ,
ज्याचं माप घ्यायचं की नाही, आमचं ठरत नाही.
बिडाचे आठ खांब.
प्रत्येकाच्या पायाशी ओतशाळेचं नाव,
पण रंगाचे इतके थर चढलेत
की अक्षरं बोटांनी वाचावी लागतात,
आणि बोटांनाही शेवटचं अक्षर लागत नाही.
सागवानी झडपा, निम्म्या अर्ध्या मिटलेल्या.
खांद्यापासून कमरेपर्यंत केबलचं जानवं.

श्रेणी दोन. तशी निळी पाटी आहे.
म्हणजे दर्शनी भागात खिळाही विचारल्याशिवाय ठोकायचा नाही.
पाटी स्वतः चार स्क्रूंवर, थेट दगडात.
ते कुणाला विचारून ठोकले, माहीत नाही.

पाटीखाली तस्नीमबेन काटावाला यांचं दुकान.
तराजू, वजनं, मापं.
पितळी पारडी आता दिवाणखान्यात शोभेला जातात,
धंदा बॅटरीच्या काट्यांवर चालतो.
त्या चहा पाठवतात, मागोमाग प्रश्न.
‘नक्की काय वाचवताय?’
मी सांगतो : कांगोरे, कमानी, सज्जा, कठडा.
‘आणि आतलं?’
‘आत तुम्ही काय हवं ते करू शकता.’
‘तेच म्हणते मी,’ त्या म्हणतात,
आणि फडक्याने शेराचं माप पुसत राहतात.
ते कुणी विकत घेणार नाही.

दुपारी आकडे मांडतो तर नकाशा मिटत नाही.
चारी भिंती फिरून निघालो तिथे परत येतो
तर चार बोटं कमी.
पुन्हा मोजतो. पुन्हा चार बोटं.
वैजनाथला टेपचा संशय, मला वैजनाथचा.
तस्नीमबेन गल्ल्यावरून ऐकत असतात.
‘सासरे म्हणायचे,
पारडं अगदी सरळ धरणारा दुकानदार
गिऱ्हाइकाला एकदाच विकतो.’
एवढंच. मग त्यांचा फोन वाजतो.

मी बाहेर येऊन कापाखाली उभा राहतो.
अडीच गुणिले अडीच, भागिले दोन.
दर मजल्याला तीन चौरस मीटर आणि वर थोडं,
असे तीन मजले.
त्याचा पेठेतला आजचा भाव मनात काढतो
आणि खोडून टाकतो.
कुणीतरी एवढी जागा हातात असताना सोडली.
कायद्याने म्हणावं तर फाइलमध्ये तसा कागद नाही.
बैलगाडी वळावी म्हणून, असं वैजनाथचं मत.
किंवा त्याला नुसता तिरका दरवाजा आवडला असेल,
दोन्ही रस्त्यांना एकदम ‘या’ म्हणणारा.

एवढ्यात प्लास्टिकच्या बादल्यांनी लादलेला टेम्पो येतो.
ड्रायव्हरच्या कानाला फोन.
तो एका हाताने वळवतो,
लाल-निळा मनोरा कलतो,
दगडापासून वीतभर अंतरावरून निघून जातो.
वर कुणी पाहत नाही. पाहायचं कारणही नाही.

वैजनाथ पलीकडून ओरडतो,
‘चार बोटांचं काय करू? साहेब बोटं घेणार नाहीत!’
आत काट्यांची पारडी
टेम्पोच्या हादऱ्याने अजून हलतायत.
मी त्याला हाताने थांब म्हणतो.