पाच आकडी मीटर

मीटरला घरं पाचच.
नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवनंतर
गाडी पुन्हा नवी होते, कागदावर नाही, काचेआड.
माझ्यासमोर दोनदा झाली.
पहिल्यांदा सुप्याच्या पुढे, तेव्हा पेढे वाटले.
दुसऱ्यांदा टिळक रोडला सिग्नल सुटला
आणि मी पाच शून्यांकडे बघत राहिले.
मागचा रिक्षावाला माझ्या घराण्याची चौकशी करत होता.
त्याआधीही एकदा झाली होती म्हणे,
पहिले मालक शपथेवर सांगायचे.

वन एटीन एनई, एक्क्याण्णवची, पांढरी.
म्हणजे होती पांढरी.

श्रावणात थर्मोस्टॅटचं झाकण तडकलं.
नाना पेठेत नऊ दुकानं फिरले.
दहाव्यानं गाडीचं नाव ऐकून चष्मा काढला:
"ताई, कंपनी गेली, डीलर गेला,
हे पार्ट सांभाळणारे माझे वडीलपण गेले."
आणि चहा सांगितला.

रात्री सरोश भरडाला फोन.
वानवडीत राहतो, झोपत नाही,
आमच्यातल्या सगळ्या गाड्यांचे आजार त्याला पाठ.
काय झालं, असं विचारलंच नाही. "आवाज काढ," म्हणाला.
मी, पेन्शनला आलेली बाई,
बाल्कनीत उभी राहून
फोनमध्ये इंजिनासारखी खोकले.
"पंप नाय. झाकणच. लांडगेकडे जा."

भोसरीत धनाजी लांडगे दिवसा कंपन्यांचे बुश काढतो,
रात्री लेथ आमची.
त्यानं झाकण हातात घेतलं,
बाजारात बैलाचा दात बघावा तसं अंगठ्यानं चाचपलं.
"ओतून देतो. पण नमुना अख्खा पाहिजे."

आमच्या माहितीत अख्खं एकच,
खासनीस सरांच्या गाडीत.
सहकारनगर, ताडपत्रीखाली, निळी.
सरांची नजर जाऊन सहा वर्षं झाली.
रविवारी आमच्यातलं कोणीतरी जाऊन किल्ली फिरवतं,
दहा मिनिटं इंजिन चालू ठेवतं,
सर खुर्ची ओढून बॉनेटपाशी बसतात,
लोक पूर्वी रेडिओपाशी बसत तसे.

मागायचं कसं?
सरोशनं पाना माझ्या हातात दिला
आणि स्वतः फाटकाबाहेर थांबला.
सर म्हणाले, "दोन बोल्ट आहेत. डावा लांब.
उलटे बसवलेत तर मला कळेल."
काढलेले बोल्ट त्यांनी बंडीच्या खिशात घातले.
मधला एक रविवार
कोणी फिरकलं नाही, फिरकून करणार काय.

लांडग्यानं आठ ओतली.
मग भांडण झालं.
मी म्हटलं, धावणाऱ्या गाडीला मूळचं द्या,
उभ्या गाडीला ओतलेलं चालेल.
सरोश इतका चिडला की गुजरातीत गेला.
लांडगे चिंधीला हात पुसत म्हणाला, "ज्याचं त्याला."
संपलं.
पैसे विचारले तर त्यानं बुधवारवर ढकलले.
तो बुधवार अजून आलेला नाही.

चाचणीला सरांना शेजारी बसवलं.
कात्रजचा जुना घाट, तिसरा गिअर,
माझा एक डोळा वळणावर, एक तापमानाच्या काट्यावर.
काटा मध्यावर बसला तो बसलाच,
जेवून सुस्तावलेल्या माणसासारखा.
बोगद्याअलीकडे सरांनी विचारलं, "मीटर किती?"
"शून्य, शून्य, चार, दोन, एक."
सर जरा पुढे सरकले,
डॅशबोर्डवर तळहात पसरला, तिथेच ठेवला.
"रनिंग-इन आहे मग," म्हणाले.
"हजार होईपर्यंत पन्नासच्या वर नेऊ नका."

दुधाचा टँकर हॉर्न देत पुढे गेला,
मग एस्टी, मग कोंबड्यांचा टेम्पो,
मग सिलिंडर लादलेली एक मोपेड.

मी पंचेचाळीसवर होते.